कवितेत भावना प्रतिमेतून कशी येते? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दादरला रविवारी सकाळी आम्ही काही जण एकमेकांच्या कविता वाचायला बसतो. नवीन येणाऱ्या माणसाच्या वहीत सहसा कविता कमी आणि भावना फार असतात. मला ते आवडतं, कारण भावनाच नसेल तर पुढे काय करणार? पण वहीतली ती भावना समोरच्यापर्यंत पोचत नाही. मग प्रश्न सुरू होतात. तेच ते प्रश्न इतक्यांदा आले, की उत्तरं एकदा नीट लिहून ठेवावीत असं वाटलं.

प्रतिमा म्हणजे नक्की काय? सुंदर वर्णन म्हणजे प्रतिमा का?

नाही. शब्द वाचल्यावर जे दिसतं, ऐकू येतं, नाकाला किंवा हाताला जाणवतं, ती प्रतिमा. ती सुंदर असलीच पाहिजे असं काही नाही. जुलै महिन्यात चाळीच्या गॅलरीत दोरीवर टाकलेला शाळेचा शर्ट तिसऱ्या दिवशीही दमटच असतो. सकाळी घाईत आई तो इस्त्रीनेच वाळवते आणि इस्त्रीखालून कुबट वाफ वर येते. मुंबईत वाढलेल्या कुणालाही हे वाचून त्या घरात गेल्यासारखं वाटेल. ओढग्रस्त, माया, पावसाचा कंटाळा यातला एकही शब्द मी वापरला नाही, तरी ते सगळं त्या वाफेत आहे.

उपमा, रूपक, प्रतीक आणि प्रतिमा यांत फरक काय?

उपमेत दोन गोष्टी शेजारी ठेवून ‘सारखी’, ‘जशी’ म्हणतात. रूपकात ‘सारखी’ गळून पडतं आणि एक गोष्ट दुसरीच होऊन जाते. प्रतीक म्हणजे अशी वस्तू, जिचा अर्थ पुष्कळ लोकांनी मिळून ठरवलेला असतो, जसं कुंकू किंवा भगवा झेंडा. प्रतिमा या सगळ्यांच्या आधी येते. नुसता दमट शर्ट कशाशीही तुलना न करता दाखवला, तरी ती प्रतिमाच. लिहिताना या नावांत अडकू नका. ती नावं वाचताना उपयोगी पडतात.

म्हणजे ‘दुःख’, ‘विरह’, ‘प्रेम’ हे शब्द लिहायचेच नाहीत का?

हा सल्ला पाश्चात्त्य कार्यशाळांतून आला असं बऱ्याच जणांना वाटतं. पण 11व्या शतकात काश्मीरमध्ये मम्मट या काव्यशास्त्रकाराने ‘काव्यप्रकाशा’त रसदोष, म्हणजे रसाला मारक ठरणाऱ्या चुका, सांगितल्या. त्यांतला पहिलाच दोष हा आहे: रस (वाचकाला येणारा भावनेचा आस्वाद), स्थायीभाव (मनातली मूळ, टिकून राहणारी भावना) किंवा व्यभिचारी भाव (मधूनच येऊन जाणारे भाव) यांना त्यांच्या स्वतःच्या नावाने हाक मारणे. शोक दाखवायचा तर ‘शोक’ शब्द वापरून भागत नाही, हे आपल्याकडे फार पूर्वीच कुणीतरी ओळखलं होतं.

तरीही हा नियम दगडावरची रेघ समजू नका. अभंगात भक्त सरळ देवापुढे उभा राहून ‘मला दुःख आहे’ म्हणतो आणि ते थेट लागतं. तिथे शब्द वर्णन करत नसतो, हाक मारत असतो. तुमच्या कवितेत असं कुणी समोर आहे का? असेल तर नाव घ्या. नसेल, तर ‘दुःख’ शब्दाखाली रेघ मारा आणि तो काढल्यावर कवितेत काय उरतं ते पाहा. काहीच उरलं नाही, तर कविता अजून लिहायची आहे.

पण वस्तू दाखवली की भावना आपोआप कशी येते? मला हे पटत नाही.

आपोआप येत नाही, हे खरंच. ‘नाट्यशास्त्रा’तलं भरतमुनींचं रससूत्र इथे फार कामाचं आहे, आणि ते नाटकापुरतं आहे असं मानून आपण ते परीक्षेच्या वहीत बंद करून टाकलं आहे. विभाव, अनुभाव आणि व्यभिचारी भाव यांच्या संयोगातून रस निष्पन्न होतो, असं ते सूत्र सांगतं. विभाव म्हणजे भावनेचं निमित्त आणि भोवतालची परिस्थिती. अनुभाव म्हणजे भावनेमुळे शरीराकडून घडणारी कृती. व्यभिचारी भाव म्हणजे मधूनच येऊन जाणारे लहान लहान भाव.

26 जुलै 2005 घ्या. त्या दिवशी सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. हा आकडा बातमीला पुरेसा आहे, कवितेला नाही. आता समजा, एक बाई घरी आहे. नवरा अंधेरीहून निघालाय, फोन लागत नाही, दिवे गेलेत. हे झाले विभाव. ती गॅसची शेगडी पुसते. थोड्या वेळाने तीच शेगडी पुन्हा पुसते. मग बर्नर काढून धुवायला घेते. हा अनुभाव. शेजारच्या खोलीत पत्ते खेळणारी पोरं हसतात आणि तिला त्यांचा राग येतो. हा व्यभिचारी भाव, येतो आणि जातो. ‘भीती’ हा शब्द कुठेही नाही, पण बर्नर धुणाऱ्या तिच्या हातांकडे पाहून वाचकाच्या पोटात गोळा येतो.

नवीन कवी बहुतेक वेळा विभावावर थांबतात. पाऊस, अंधार, रिकामा रस्ता. परिस्थिती उभी राहते, पण तिच्यात कुणी काही करत नाही. माणसाचे हात काय करतायत ते लिहा. मी वाचलेल्या निम्म्याहून जास्त अडलेल्या कविता एवढ्याने सुटल्या आहेत.

मुंबईत निसर्गच नाही. आम्ही प्रतिमा आणायच्या कुठून?

हा प्रश्न ऐकला की मला वाईट वाटतं. कारण विचारणारा माणूस सहसा दीड तास लोकलने येऊन हे विचारत असतो, आणि त्या दीड तासात त्याने जे पाहिलं ते लिहिण्यालायक नाही, असं कुणीतरी त्याला शिकवलेलं असतं. शाळेच्या पुस्तकांतल्या कवितांत झरे आणि कुरणं होती, म्हणून कविता म्हणजे झरा, अशी गाठ बसली. ज्यांनी झऱ्यावर लिहिलं, त्यांच्या दारात झरा होता.

वर्सोव्याला बांबूच्या चौकटींवर बोंबील वाळत घातलेले असतात. दुरून ती नुसती चंदेरी झालर दिसते. जवळ जा. एकेकटा बोंबील टांगत नाहीत, दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवतात आणि ती जोडी आडव्या दोरीच्या दोन बाजूंना लोंबते. आमच्यातल्या एका निवृत्त गृहस्थांनी हे पाहून आपल्या संसारावर लिहिलं:

तोंडात तोंड अडकवून
आपल्याला कुणी दोरीवर टाकलं.
तू त्या बाजूला, मी या.
ऊन दोघांना सारखंच लागलं.

हे प्रेम आहे की तक्रार? ओळी सांगत नाहीत. चाळीस वर्षांच्या संसारात ती दोन्ही वेगळी काढता येत नाहीत, आणि ते मिसळलेपण वाहून नेईल अशी वस्तू त्यांना सापडली. ‘दोन पाखरं’ किंवा ‘दिवा आणि वात’ यांनी हे झालं नसतं.

अशा जागा शहरभर आहेत. शिवडीच्या चिखलात हिवाळ्यात उतरणारे रोहित पक्षी (फ्लेमिंगो) आणि त्यांच्या मागे दिसणाऱ्या तेलाच्या टाक्या. दादरच्या फुलबाजारात पहाटे ढिगाने येणारा झेंडू आणि उशिरा तिथेच पायाखाली झालेला त्याचा लगदा. लोकलमध्ये चौथ्या सीटवर अर्धं अंग बाहेर ठेवून झोपलेला माणूस. मात्र नुसती यादी करून मुंबई येत नाही. लोकल, वडापाव, समुद्र, गर्दी असं चार ओळींत भरलं तर ती पर्यटनाची जाहिरात होते. एक जागा घ्या आणि तिथेच थांबा.

चंद्र, मोगरा, पाऊस हे शब्द झिजले आहेत. ते टाळावेत का?

शब्द झिजत नाहीत, त्यांच्याकडे पाहणं झिजतं. पावसावर जरूर लिहा, पण तुमच्या पावसावर लिहा. मुंबईत मोसमी पाऊस साधारण 11 जूनच्या सुमारास पोचतो. त्याच्या आधीच्या आठवड्यात छपरावर निळी ताडपत्री अंथरणारा माणूस पावसाकडे जसा बघतो, तसा गॅलरीत चहा घेऊन उभा असलेला बघत नाही. तुम्ही यातले कोण आहात, ते आधी ठरवा.

माझी वडिलांवरची कविता ऐकून घरचे रडले. तुम्ही म्हणालात, अजून काम करायला हवं. असं का?

हा प्रश्न आमच्यातल्या एका मुलीने विचारला होता. तिच्या परवानगीने ते सगळं काम इथे मांडते, कारण यातून जेवढं कळतं तेवढं नियमांतून कळत नाही. तिचा पहिला खर्डा असा होता:

बाबा तुमच्या जाण्याने
मन माझे सुन्न झाले
आठवणींच्या सागरी
डोळे भरूनिया आले

घरचे रडले, कारण ते तिच्या वडिलांना ओळखत होते. कवितेत जे नव्हतं ते त्यांनी आपल्याजवळचं घातलं. अनोळखी वाचकाकडे घालायला काहीच नसतं. या चार ओळी कुणाच्याही बाबांवर चालतील, आणि म्हणून तिच्या बाबांवर त्या चालत नाहीत.

मी तिला विचारलं, त्यांची कोणती वस्तू अजून रोज तुमच्या हाताखालून जाते? ती म्हणाली, डबा. कामावर न्यायचा स्टीलचा डबा, आता आई त्यात मोहरी ठेवते. झाकणावर त्यांचं नाव घातलेलं आहे. आपल्याकडे भांड्यांवर नाव घालतात तसंच, ठिपक्याठिपक्यांनी. मग बराच वेळ गप्प बसून ती म्हणाली, त्या ठिपक्यांत साबण अडकतो.

पुढच्या रविवारी ती दुसरा खर्डा घेऊन आली. डबा होता, नाव होतं, साबण होता. पण साबणाच्या ओळीनंतर ‘तुमच्या आठवणीसारखा’ अशी एक ओळ होती आणि शेवटी ‘बाबा, परत या ना’. तिला स्वतःच्या प्रतिमेवर भरवसा नव्हता. वाचक चुकेल या भीतीने ती त्याचं बोट धरून चालली होती. आठवणीसारखा असं म्हटल्याबरोबर साबण नाहीसा होतो आणि फक्त आठवण उरते. ती तर पहिल्या खर्ड्यातही होती. दोन्ही ओळी तिने स्वतःच काढल्या, एक लगेच आणि दुसरी आठवडाभराने. शेवटी हे उरलं:

डब्याच्या झाकणावर तुमचं नाव,
ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं.
घासताना साबण
पहिल्या अक्षरात जाऊन बसतो.
रोज सुईने काढते.
आज राहू दिला.

‘आज राहू दिला’ ही ओळ तिला सुचायला तीन आठवडे लागले. आज काय होतं? वर्षश्राद्ध, की थकवा, की नाव थोडं जास्त ठळक दिसावं म्हणून? ती सांगत नाही, आणि आम्ही कुणी विचारलं नाही.

एका कवितेत किती प्रतिमा असाव्यात?

लहान कवितेला एक पुष्कळ होते. दोन असतील तर त्या एकाच घरातल्या असू द्या. डोळ्यांचा समुद्र झाला, त्यात आठवणींची पाखरं उडाली आणि मनाच्या अंगणात दिवा विझला, असं झालं की वाचक तीन जागी धावतो आणि कुठेच पोचत नाही.

प्रतिमा म्हणजे दृश्यच का? वास, आवाज यांचं काय?

मराठीत आपण ‘प्रतिमा’ म्हणतो आणि लगेच डोळ्यांकडे वळतो, हे आपलं नुकसान आहे. परळला आमच्या शेजारी एक गिरणी कामगार राहायचे. 18 जानेवारी 1982ला संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. पुढे त्यांची गिरणी उघडलीच नाही. भोंगा थांबला, तरी भोंग्याच्या वेळेला ते उठून बसायचे. दिवा लावायचे नाहीत. त्यांच्या बायकोला फक्त खाटेचा करकर आवाज यायचा. मी हे कित्येक वर्षांपूर्वी ऐकलं, आणि त्या संपाबद्दल जे वाचलं त्यातलं पुष्कळसं विसरून गेले. खाट मात्र विसरले नाही.

वास तर स्मृतीला सगळ्यात लवकर हलवतो. पण वासाला आपण ‘सुगंध’ म्हटलं की तो मेलाच. कशाचा वास, कुठून आला, त्या वेळी खिडकी उघडी होती का, हे लिहा.

राग किंवा किळस यांसाठी कुरूप प्रतिमा चालते का?

चालते, आणि मराठी कविता ती वाट 1940च्या दशकातच चालून गेली आहे. बा. सी. मर्ढेकरांनी ओल्या पिपात मेलेले उंदीर कवितेत आणले, तेव्हा अनेकांना धक्का बसला. पण यंत्रयुगातल्या शहरातल्या माणसाचं जे झालं होतं, ते गुलाबाने सांगता आलं नसतं. मात्र धक्का द्यायचा म्हणून घाण लिहू नका. ती कवितेतल्या रागाच्या मालकीची असली पाहिजे.

वाचकाला प्रतिमा कळलीच नाही तर?

दोन वेगळ्या अडचणी आहेत, त्या एकत्र करू नका. समोर काय दिसतंय तेच कळलं नाही, तर चूक तुमची. डबा की डफ, हेच समजत नसेल तर दुरुस्त करा. पण डबा दिसला आणि त्याचा ‘अर्थ’ एका वाक्यात सांगता आला नाही, तर काही बिघडलेलं नाही.

बालकवींची ‘औदुंबर’ पाहा. बालकवी 1918 साली, तिशीच्या आतच गेले. या कवितेत आठच ओळी आहेत. झरा, चिमुकलं गाव, शेतमळे, पांढरी पायवाट, काळा डोह, आणि शेवटी पाण्यात पाय टाकून बसलेला औदुंबर. रंगांचा क्रम लावून वाचा: हिरवा, निळासावळा, पांढरा आणि मग काळा. उदास, विरक्त, शांत असं विशेषण औदुंबराला कवीने दिलेलंच नाही. तो उदास आहे, विरक्त आहे की नुसता बसला आहे, यावर मराठी समीक्षक किती तरी वर्षं बोलत आले. पण पाण्यातले ते पाय न दिसलेला वाचक मला अजून भेटलेला नाही. आनंदवर्धनाने 9व्या शतकात ‘ध्वन्यालोका’त सांगितलेला ध्वनी हाच: शब्दाचा सरळ अर्थ कळून झाल्यावरही जे घुमत राहतं ते.

वृत्तात किंवा गझलेत लिहिताना यमक प्रतिमेला ओढून नेतं. काय करू?

नेऊ द्या, पण कुठे नेतंय ते पाहा. ‘सागर’ला ‘घागर’ आणि ‘मन’ला ‘क्षण’ आपसूक येतात, तिथे सावध व्हा. त्या जोड्या आधी कुणीतरी वापरून ठेवलेल्या असतात. पण कधी कधी यमक तुमच्या हाती नवीन काही ठेवतं. डब्याची तीच कविता त्या मुलीने नंतर अष्टाक्षरीत, म्हणजे ओळीला आठ अक्षरं ठेवून, करून पाहिली:

झाकणाच्या अक्षरात
सुके साबण पांढरा
सुई हातात धरून
दिवस गेला तो सारा

‘पांढरा’ला जोड शोधताना ‘सारा’ आलं, आणि सुई घेऊन दिवसभर बसलेली मुलगी दिसली. मुक्तछंदात ती नव्हती. मला कोणती कविता जास्त आवडते, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

जे मी भोगलं नाही त्यावर लिहावं का?

लिहावं, पण उभं राहायची जागा खोटी नसावी. तुम्ही गटारात उतरला नसाल, तर उतरलेल्याच्या तोंडून ‘मी’ म्हणू नका. काठावर उभ्या असलेल्या तुम्हाला काय दिसलं, ते लिहा. झाकणाशेजारी काढून ठेवलेल्या चपला तुम्हाला दिसल्या असतील.

सरावासाठी रोज काय करावं?

प्रवासात एक वस्तू तीन वाक्यांत लिहा. विशेषण एकही नको, भावनेचं नाव नको, ‘सारखं’ नको. मोबाइलवर लिहिलं तरी चालेल. महिनाभराने मागचं वाचा. काही वस्तू पुन्हा पुन्हा आलेल्या दिसतील, त्यांच्यापाशी तुमची कविता आहे.

प्रतिमा खरी आहे की मी ती बनवली आहे, हे माझं मला कसं कळणार?

माझाच अनुभव सांगते. आजी गेल्यावर मी लिहिलं होतं, की तिच्या फणीत अजून मोगऱ्याचा वास आहे. ओळ सगळ्यांना आवडली. एका दिवाळी अंकाकडे पाठवायच्या आदल्या दिवशी आईला वाचून दाखवली, तर ती म्हणाली, ‘ती मोगरा कुठे माळायची? अबोली माळायची. मोगऱ्याने तिचं डोकं दुखायचं.’

मला हे माहीत होतं. लहानपणी मीच तो गजरा आणायला खाली जायचे. तरी लिहिताना हात मोगऱ्याकडे गेला, कारण कवितांतल्या आज्यांच्या केसांत मोगरा असतो. मी मोगरा खोडून अबोली लिहिली, आणि पूर्ण ओळच पडली. अबोलीला वास नसतो. फणीत काहीच दरवळत नव्हतं.

मग मी आजीचा डबा उघडून फणी काढली. दातांमध्ये दोऱ्याचा एक तुकडा होता, गजऱ्याचा, आणि त्याला एक सुकलेली पाकळी चिकटलेली. नारिंगी रंग थोडा उतरला होता. हुंगून पाहिलं, तर खोबरेल तेलाचा वास आला.